एकटीची साक्ष

घरातल्याच माणसाने घरातल्या मुलीवर केलेल्या अत्याचाराला सहसा तिसरा साक्षीदार नसतो. ती सांगते, तो नाकारतो. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवायचा, या प्रश्नाला भारतीय न्यायालयांनी दिलेली उत्तरे कालपरत्वे बदलत गेली आहेत. निवेदकाच्या विश्वासार्हतेची चर्चा आपण वर्गात नेहमीच करतो. येथे त्या चर्चेवर एखाद्याचे सारे आयुष्य अवलंबून असते.

१८७२ च्या पुरावा कायद्याचा मजकूर मुळात उदार होता. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारे मूल त्याने साक्षीस पात्र मानले होते; साक्षीदारांच्या विशिष्ट संख्येचाही आग्रह धरला नव्हता. व्यवहार मात्र निराळा होता. बलात्काराचा आरोप करणे सोपे आणि तो खोडून काढणे कठीण, हा सतराव्या शतकातील इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांचा इशारा न्यायालयांच्या मनात घर करून होता. गुन्ह्यातील साथीदाराच्या जबानीला जशी अन्य पुराव्याची पुष्टी लागते, तशीच ती पीडितेच्या जबानीलाही मागितली जाई.

राजस्थानातील एका आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला मर्यादा घातली. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी, पुष्टी ही कायद्याची अट नसून सावधगिरीचा नियम आहे, असे स्पष्ट केले. मुलीने लगेच आईला जे सांगितले तेही पुष्टी ठरू शकते, आणि केवळ नात्यामुळे आईची साक्ष अविश्वसनीय ठरत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

पण आरोपी जेव्हा बापच असतो, तेव्हा ही आईच कात्रीत सापडते. ती बोलली, तर नवऱ्याशी वैर असल्याने तिने मुलीला पढवले असे म्हटले जाते; ती गप्प राहिली, तर फिर्यादीला झालेला विलंब मुलीच्या विरोधात जातो. घराण्याच्या अब्रूपायी होणारा हा विलंब समजून घेतला पाहिजे, असे न्यायालयाने १९९६ साली बजावले. २००५ साली हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या बापाला सर्वोच्च न्यायालयाने मुलीची साक्ष ग्राह्य मानून दोषी ठरवले.

साक्ष कशी घ्यावी, याचाही विचार झाला. २००४ च्या निर्णयाने पीडितेला आरोपी दिसू नये म्हणून पडद्याची सोय सुचवली, आणि उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारण्याची पद्धत सांगितली. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने नातलगाने केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आणि आरोपीविरुद्ध अनुमानाची तरतूद केली. मात्र मूलभूत तथ्ये आधी फिर्यादी पक्षाने शाबीत केली पाहिजेत, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. ते योग्यच होय. विश्वास ठेवणे म्हणजे पारख सोडून देणे नव्हे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. बालसाक्षीदाराविषयीचे सूत्र मात्र तेच राहिले. आमच्या मते खरी अडचण आता कलमांत उरलेली नाही. न्यायालयातला पडदा साक्षीपुरता असतो. साक्ष संपली की मुलीला बहुधा त्याच नातेवाइकांत परतावे लागते. तिथे तिला आधार मिळाला नाही, तर ती उद्या जबानी फिरवील. त्या फिरलेल्या जबानीचे वाचन कसे करायचे, हा प्रश्न न्यायाधीशांइतकाच आपलाही आहे.