छागला: कोर्टातून सरकारात

दोस्तहो, मी सूतगिरणीतला कामगार. रात्रपाळी सुटली की वाचनालयात बसतो. थोडाफार कायदा तिथंच वाचला. त्यातून एक जुनं प्रकरण हाती लागलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली परभणी मुंबई हायकोर्टाखाली आली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते महंमद करीम छागला. 1947 पासून त्या खुर्चीत. मुंबईच्या ज्या लॉ कॉलेजात बाबासाहेबांनी शिकवलं, तिथं हेही शिकवायचे.

माणूस ताठ. जानेवारी 1958 मध्ये मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये घातले होते. पैसा कुणाचा? हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांचा. छागलांनी चौकशी उघड, लोकांसमोर घेतली. फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना खुर्ची सोडावी लागली.

आता पुढचं बघा. त्याच वर्षी त्याच सरकारनं छागलांना अमेरिकेत राजदूत नेमलं. मग लंडनला उच्चायुक्त, 1963 ला शिक्षणमंत्री, 1966 ला परराष्ट्रमंत्री. आणि 1958 लाच विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला. त्यात म्हटलं, सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी नेमणूक घेऊ नये. कारण ढीगभर खटल्यांत सरकारच पक्षकार असतं. त्या आयोगाचे एक सदस्य खुद्द छागला! ते हायकोर्टाचे, म्हणून अक्षरानं सुटतात. अर्थानं सुटत नाहीत.

ते विकले गेले असं मी म्हणणार नाही. 1967 ला भाषा धोरणावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणीबाणीविरुद्ध उघड बोलले. पण भल्या माणसानं पाडलेल्या वाटेवरून पुढं कोणीही चालतं.

आपल्याला याचं काय? डिसेंबर 2024 मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत कायदा शिकणारा आपला एक पोरगा न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवा, हा हुकूम 2025 ला औरंगाबाद खंडपीठाकडून आणावा लागला. आई एका बाजूला, सरकार दुसऱ्या. मधे बसलेल्या माणसाची नजर उद्याच्या नेमणुकीवर असली तर त्या आईनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

म्हणून दोस्तहो, निकाल वाचा. आणि निकाल देणारा निवृत्तीनंतर कुठं बसतो, तेही लिहून ठेवा.