रायगडाच्या कोशापासून मोबाईलपर्यंत : आंबेनळीची ‘मँगो ट्यूब’ का होते?

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय भाषांतराचा आहे, पण आपल्या महाड-पोलादपूरच्या जमिनीशी आणि जिवाशी त्याचा संबंध आहे, म्हणून लिहितोय.

मी फ्रीलान्स भाषांतर करतो. इंग्रजीतून मराठी, मराठीतून इंग्रजी, शब्दागणिक पैसे. या धंद्यात सॉफ्टवेअर वापरावंच लागतं, कारण समोरची एजन्सी फाईलच तशी पाठवते. आणि या सॉफ्टवेअरला आपली भाषा अर्धीमुर्धीच येते. एकाने ‘आंबेनळी’चं इंग्रजी चक्क ‘मँगो ट्यूब’ केलं होतं. नळी म्हणजे कड्यातून उतरणारी अरुंद उभी घळ, हे आपल्याकडे गुरं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. मशीनला पाण्याचीच नळी माहीत. हसून सोडून द्यावं असं वाटतं, पण थांबा. आधी थोडा इतिहास बघू, कारण साधन अपुरं पडलं की माणसाने काय करायचं, हा प्रश्न आपल्याच तालुक्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी पडला होता.

सन १६७४. राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणजे आपल्या आंबेनळीच्या डोक्यावरच. ऑक्झिंडेनच्या आधीच इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी रायगडाला जाऊन निराजी पंतांशी बोलून आला होता. इंग्रजांना मराठी येत नाही, दरबाराला इंग्रजी येत नाही, मधे हा एक माणूस. करारात एक कलम होतं : वादळाने किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि माल मूळ मालकाला परत द्यावा. ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे म्हणून दरबाराने मान्य केलं नाही. आता विचार करा, ‘रिवाज’ काय आणि ‘कायदा’ काय, हे दोन्ही बाजूंना नीट कळलं नसतं तर पुढे किती भांडणं झाली असती! तेव्हा शब्दकोश नव्हता. दुभाषाच्या डोक्यात होता तोच कोश.

त्याच काळात महाराजांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला. कारभाराची भाषा फारसीने भरलेली होती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रं घेऊन शब्द मोजले होते. त्यांच्या हिशोबात १६२८ च्या पत्रात शंभरातले चौदा-पंधरा शब्द मराठी, १६७७ च्या पत्रात बासष्ट-त्रेसष्ट आणि १७२८ मध्ये त्र्याण्णव. कोशात साधारण १४०० शब्द दहा वर्गांत लावलेले आहेत : राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग वगैरे. म्हणजे आज भाषांतरकार एक्सेलमध्ये विषयवार शब्दांची यादी ठेवतो ना, तेच काम, फक्त राज्याच्या खर्चाने.

पण एक गंमत लक्षात घ्या. डबीरचा सुमंत झाला, सुरनीसचा सचिव झाला, मुजुमदारचा अमात्य झाला. पेशव्याला पंतप्रधान म्हटलं. तरी पुढे शंभर वर्षं लोक पेशवेच म्हणत राहिले. अर्ज, वसूल, जमीन, तारीख हे शब्द तर आजही तलाठ्याच्या टेबलावर आहेत. वरून घडवून दिलेला शब्द काही वेळा रुजतो, काही वेळा नाही. शेवटचा निकाल लोकांच्या जिभेवर लागतो.

दुसरी पद्धत मोल्सवर्थची. जेम्स मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांनी पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुमारे ४०,००० शब्द. दुसरी १८५७ ची, सुमारे ६०,०००. या कोशात शब्द घडवलेले नाहीत, गोळा केलेले आहेत. कुठला शब्द कोकणातला, कुठला देशावरचा, कुठला बायकांच्या बोलण्यातला, कुठला हलका, हेसुद्धा सांगितलंय. शेतीचा, नावेचा, घराच्या सांगाड्याचा एखादा शब्द अडला की मी आजही आधी मोल्सवर्थ उघडतो. या कामातला थॉमस कँडी पुढे सरकारी भाषांतराचा मुख्य झाला, स्वल्पविराम-पूर्णविरामाची मराठीतली घडी त्याने १८५० मध्ये पुस्तक लिहून बसवली. १८७७ ला तो वारला तो महाबळेश्वरला, आपला घाट चढून गेलं की जे गाव लागतं तिथे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आलं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. लोकांनी ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा केली. तरी ‘अधीक्षक’, ‘संचालक’, ‘गटविकास अधिकारी’ हे शब्द आज आपण सहज बोलतो. सांगायचा मुद्दा, दर वेळी कुणीतरी बसून यादी केली. एकदा राजाने, एकदा कंपनी सरकारने, एकदा आपल्या सरकारने.

मग आले कॉम्प्युटर. सुरुवातीची कितीतरी वर्षं मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये अडकलेला होता. फॉन्ट बदलला की अक्षरांचा चिवडा. भाषांतराचं सॉफ्टवेअर असला मजकूर ओळखायचंच नाही. युनिकोड रुळलं तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ मध्ये, ती जरा बरी झाली २०१७ नंतर. सरकारची ‘भाषिणी’ २०२२ मध्ये सुरू झाली. आता एआयची साधनं आहेत. सगळं खरं, आणि त्यांचा उपयोगही होतो, नाही म्हणत नाही.

पण फ्रीलान्सरच्या अडचणी वेगळ्या. स्वस्तातल्या आवृत्तीत मोजक्याच भाषा निवडता येतात. काही जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत मराठीच नसायची, मग लिपी एकच म्हणून ‘हिंदी’ निवडून आत मराठी लिहायची. काम भागतं, पण तपासनीस प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारतो. त्याहून वाईट म्हणजे कित्येक ठिकाणी इंग्रजीचं आधी हिंदी आणि त्या हिंदीचं मराठी होतं. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, आपल्याकडे वणवण आणि त्रास. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आता ‘सरकारने रस्त्यासाठी चेष्टा केली’ असं वाक्य आलं तर आपल्याकडचे लोक ते खरंच मानतील, हा भाग वेगळा!

आम्ही यातून वाट काढतो ती अशी. ज्यांना उपयोग होईल त्यांनी लिहून घ्या.

१) गावांची, माणसांची, घाट-नद्यांची नावं मशीनला देण्याआधी काढून तिथे खुणेचे आकडे टाकायचे, भाषांतर झाल्यावर नावं परत बसवायची. म्हणजे ट्यूब होत नाही.

२) लांब वाक्य तोडून दोन-तीन करायची. कर्ता स्पष्ट लिहायचा.

३) मराठी झालं की ते परत इंग्रजीत फिरवून बघायचं. अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं. मात्र हे जुळलं म्हणून मराठी चांगलं झालं असं नाही, ते मोठ्याने वाचूनच कळतं.

४) आपली शब्दांची यादी आपण ठेवायची. शब्द, अर्थ, कुठे वापरतात, कुणी सांगितला. ही यादी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जोडता येते.

या चौथ्या मुद्द्यासाठीच एवढी पोस्ट लिहिली.

३१ जुलै २०२४ ला केंद्राने पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढला. त्यात आपल्या महाड-पोलादपूरची गावं आहेत. हरकतींना मुदत ६० दिवस. केंद्राचं राजपत्र निघतं हिंदीत आणि इंग्रजीत. मसुद्याच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, आधी तो कळायला तर हवा. २०२० मध्ये पर्यावरण परिणामांच्या मसुद्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तो द्यायला सांगितला. केंद्र त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रश्न तिथे सुटला नाही. तोवर आपली पोरं मोबाईलवर भाषांतर करून गावकीत वाचून दाखवतात. त्या भाषांतरात ‘वरकस’, ‘दळी’, ‘राब’, ‘कोंड’ यांचं काय होतं? दळी म्हणजे कातकरी-ठाकरांची डोंगरउतारावरची कसवणूक, वनहक्काचा दावा त्या एका शब्दावर उभा असतो. मशीनने तो शब्द गाळला की दावा कागदावरून गेला.

आणि जिवाचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ कोण विसरेल? तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे. तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. दरड येण्याआधी झऱ्याचं पाणी गढूळतं, जमिनीला भेगा पडतात, झाडं-खांब कलतात. हे अहवालांत लिहिलेलं असतं इंग्रजीत आणि मराठीत उतरतं तेव्हा ‘भूस्खलनपूर्व निर्देशक’ होऊन. वाडीवरच्या आजीला ‘डोंगर सुटलाय’ असं सांगितलं तर ती पोरं-नातवंडं घेऊन निघेल. निर्देशक सांगितला तर बसून राहील.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हणमंत्यांची पद्धत सरकारने करावी, मोल्सवर्थची आपण करू. डोंगर, पाणी, शेत, दरड, जमीन यांचे आपल्या दोन तालुक्यांतले शब्द गोळा करू. कातकरी भाषेचे शब्द वेगळ्या रकान्यात, कारण आपण मराठीचं गाऱ्हाणं करतो, त्यांच्या भाषेला तर बहुतेक साधनांच्या यादीत नावसुद्धा नाही. यादी सगळ्यांना खुली. शाळेने वापरावी, ग्रामपंचायतीने वापरावी, सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी फुकट घ्यावी.

खाली कमेंटमध्ये एकेक शब्द लिहा. सोबत अर्थ, गाव आणि घरात तो शब्द कोण बोलतं तेवढं. पहिला मीच लिहितो : नळी.