अणुभट्टीचा कागद, निजायची खोली

जानेवारी १८७०. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी काळोखात प्रकाशाचा प्रखर झोत सोडला. झोतात धूळ चमकत होती. त्यांनी खोल श्वास घेतला आणि काचेच्या नळीतून तो सावकाश झोतात सोडला. शेवटी शेवटी छातीच्या तळातली हवा बाहेर आली, तेव्हा झोतात काळा पट्टा उमटला. तिथे चमकायला धूळच नव्हती. ती फुप्फुसात राहिली होती. नंतर त्यांनी कापसाच्या बोळ्यातून श्वास घेतला, तर सोडलेली हवा पहिल्यापासून काळी दिसली. म्हणजे माणसाचं फुप्फुस हीच एक गाळणी आहे, आणि तिच्यावरचं ओझं हलकं करायचं तर तिच्याआधी दुसरी गाळणी हवी. हवेच्या फिल्टरची कुळकथा मला या काळ्या पट्ट्यापासून सांगावीशी वाटते. टिंडल यांनी पुढे आगीशी झुंजणाऱ्या बंबवाल्यांसाठी कापूस आणि कोळसा भरलेला मुखवटाही तयार केला.

आज दुकानात ‘हेपा’ म्हणून मिळतो तो कागद मात्र शिंका आणि दम्यासाठी जन्मलाच नाही. तो युद्धात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांचे वायुमुखवटे दोस्तांच्या हाती लागले. त्यांतल्या कागदात ॲस्बेस्टॉसचे अतिसूक्ष्म तंतू मिसळलेले होते आणि तो विषारी धूर विलक्षण चांगला अडवत होता. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक विभागाने तसाच कागद बनवून घेतला. अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायची वेळ आली, तेव्हा हाच कागद कामी आला. घड्याघड्यांनी चौकटीत बसवलेला, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ कागद. युद्धानंतर अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो आणखी सुधारून घेतला. ‘हेपा’ हे नाव रूढ झालं ते १९६० च्या आसपास.

फिल्टरच्या खोक्यावर छापलेला ०.३ मायक्रॉनचा आकडाही त्याच काळातला. नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर युद्धकाळात धुराच्या गाळणीचं गणित मांडत होते. हा कागद चाळणीसारखा काम करत नाही. मोठे कण वेगाच्या भरात तंतूंवर आदळतात. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे कण ना नीट आदळतात, ना पुरेसे भरकटतात. तेच सर्वांत जास्त निसटतात. तो आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो. म्हणून तेवढ्या कणांचा तेलकट धूर सोडून कागद तपासायची रीत पडली, आणि त्यातले ९९.९७ टक्के अडले तरच तो हेपा. त्याहून बारीक कण या कागदातून सुटतात, असं ग्राहकाला सांगितलं जातं ते चुकीचं आहे. सर्वांत अवघड आकार पार केला की त्याहून लहान आणि मोठे दोन्ही सोपे.

या इतिहासातला एक भाग मला फार लागतो. छातीचं रक्षण करणाऱ्या कागदात ॲस्बेस्टॉस होतं. अमेरिकेत १९५२ ते १९५६ या काळात ‘केंट’ सिगारेटच्या फिल्टरमध्येही निळं ॲस्बेस्टॉस घातलं जात होतं, आणि जाहिरातीत अणुऊर्जा केंद्रांतल्या हवेच्या गाळणीचा दाखला दिला जाई. ती सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि बनवणाऱ्यांच्या छातीत काय गेलं, याचा हिशेब पुढे कोर्टांत झाला. हवेच्या फिल्टरमध्ये काचतंतूंनी ॲस्बेस्टॉसची जागा घेतली.

दम्याची बाजू दुसरीकडून चालत आली. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रयोगांनिशी दाखवलं की उन्हाळी शिंकांचं मूळ गवताच्या परागकणांत आहे. आपल्याकडे पुण्याच्या आसपास १९५० च्या दशकात आढळलेल्या गाजरगवताने तोच धडा कित्येक नाकांना दिला. हॉलंडमधल्या लायडनला १९२० च्या दशकात स्टॉर्म फान लेउवेन यांनी दमेकऱ्यांसाठी स्वच्छ हवेच्या खास खोल्या उभारल्या. तिथे कित्येकांना बरं वाटे. म्हणजे खोट घरच्या हवेत होती. त्याच गावात १९६४ च्या सुमारास फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी त्या खोटेला चेहरा दिला: गादीतल्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा माइट.

फिल्टर निवडताना हा माइटच आधी आठवावा. त्याच्या विष्ठेचे कण जड असतात. गादी झटकली की उडतात आणि काही मिनिटांत खाली बसतात. कोपऱ्यातलं हवा गाळणारं यंत्र त्यांना गाठणार कसं? तिथे गादी-उशीला घट्ट विणीची खोळ, गरम पाण्याने धुतलेल्या चादरी आणि कोरडी खोली हेच उपाय जास्त कामाचे. मांजराची ॲलर्जी आणणारा घटक मात्र बारीक कणांवर स्वार होऊन तासन् तास तरंगतो. तिथे हेपा उपयोगी पडतो. धूर आणि परागकणांनाही तो पकडतो. वास आणि वायू त्याच्या हातचे नाहीत. त्यासाठी सक्रिय कोळशाचा भरपूर थर लागतो. जाळीवर शिंपडलेली चिमूटभर काळी पूड पुरत नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर दमेकऱ्याच्या खोलीत ठेवूच नये, कारण ओझोननेच श्वासनळ्या चिडतात. आणि डास घालवायची कॉइल रात्रभर जळत असेल तर आधी ती विझवावी.

नंतर खोलीचं माप. कागद कितीही बारीक पकडू दे, पंख्याने हवा पुरेशी ओढली नाही तर खोलीतली हवा तशीच राहते. त्यासाठी खोक्यावर सीएडीआर बघावा: यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. दहा बाय बाराची खोली, छत दहा फुटांवर. तिची हवा तासाला पाच वेळा गाळायची तर सुमारे १७० घनमीटर लागतात. हा हिशेब दारं-खिडक्या बंद असतील तरच खरा. आपल्या घरांत खिडकी दिवसभर उघडी असते. म्हणून एकच यंत्र घ्यायचं असेल तर ते निजायच्या खोलीत ठेवावं आणि रात्री दार लावावं. औषधाचा फवारा मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायचा.

खोक्यावरचा सीएडीआर पंखा सर्वांत जोरात असतानाचा असतो. त्या घरघरीत झोप येत नाही, मग माणूस पंखा मंद करतो आणि गाळलेली हवा निम्म्याहून कमी होते. म्हणून विचारावं ते मंद वेगावरच्या आकड्याबद्दल, आणि गरजेपेक्षा एक माप मोठं यंत्र घ्यावं. बदलीचा फिल्टर कितीला पडतो तेही त्याच वेळी विचारून ठेवावं.