टॅबलेटवरील डिजिटल मासिके व अ‍ॅपची सेटिंग्ज (२०१० ते २०१७) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादक, धोरण, वर्गणीदार आणि खप यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. कागद, छपाई, बांधणी या बाबींना त्यात दुय्यम स्थान मिळते. टॅबलेट संगणकावरील मासिकांच्या बाबतीत मात्र असे करून चालत नाही. मासिकाचे अ‍ॅप तयार करताना प्रकाशकाला जी माहिती भरावी लागे व जे पर्याय निवडावे लागत, त्यांवरच तो अंक कोण, कशावर आणि किती काळ वाचू शकेल हे अवलंबून होते. म्हणूनच ही सेटिंग्ज केवळ तांत्रिक बाब नसून इतिहासाचे एक साधन ठरतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) टॅबलेट मासिकांच्या उदयाचा व अस्ताचा कालक्रम मांडणे.
२) अ‍ॅपच्या प्रमुख सेटिंग्जचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) अंकांच्या जतनावर या सेटिंग्जचा झालेला परिणाम तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अ‍ॅपल कंपनीने २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅडची घोषणा केली आणि ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत त्याची विक्री सुरू झाली. छापील जाहिरातींचे उत्पन्न घटत असताना आलेल्या या उपकरणाकडे प्रकाशकांनी मोठ्या आशेने पाहिले. 'वायर्ड' मासिकाने अ‍ॅडोबी कंपनीच्या सहकार्याने आधीच एक नमुना तयार केला होता. परंतु एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलने अन्य कंपन्यांच्या साधनांनी रूपांतरित केलेल्या अ‍ॅपना मज्जाव केला, त्यामुळे वाचक-अ‍ॅप नव्याने लिहावे लागले. ते २६ मे २०१० रोजी प्रसिद्ध झाले. अंकाची किंमत ४.९९ डॉलर होती आणि आकार सुमारे ५०० मेगाबाइट होता. या पहिल्या अंकाच्या सुमारे एक लाख प्रती विकल्या गेल्या. वर्षअखेरीस मात्र दरमहा विक्री वीस-बावीस हजारांच्या आसपास उतरली.

ऑक्टोबर २०१० मध्ये अ‍ॅडोबीने 'डिजिटल पब्लिशिंग सूट' ही प्रणाली जाहीर केली. इनडिझाइनमध्ये पाने मांडावयाची, त्यांचा 'फोलिओ' तयार करावयाचा आणि 'व्ह्यूअर बिल्डर' या साधनाने अ‍ॅप बांधावयाचे, अशी तिची पद्धत होती. मासिकाच्या कचेरीतील मांडणीकाराला प्रोग्रामिंग न शिकता अ‍ॅप तयार करता येऊ लागले. परंतु त्याबरोबर एक नवे काम त्याच्यावर आले, ते म्हणजे सेटिंग्ज भरण्याचे.

सेटिंग्जचे स्वरूप :

पहिली सेटिंग ओळखीची. प्रत्येक अ‍ॅपला उलट क्रमाने लिहिलेल्या संकेतस्थळाच्या नावासारखी एक ओळख द्यावी लागे. अ‍ॅपलकडे नोंदविलेली ओळख आणि अ‍ॅपमध्ये भरलेली ओळख तंतोतंत जुळणे आवश्यक होते. अ‍ॅप एकदा प्रसिद्ध झाल्यावर ती बदलता येत नसे. मासिकाचे नाव बदलता येई, ओळख मात्र कायम राही.

दुसरी सेटिंग प्रमाणपत्रांची. चाचणीसाठी एक आणि वितरणासाठी दुसरे, अशी वेगवेगळी प्रमाणपत्रे अ‍ॅपलकडून घ्यावी लागत. नवा अंक आल्याची सूचना वाचकाला पाठविण्याकरिता आणखी एक प्रमाणपत्र लागे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. ते राहून गेल्यास अंक निघत असूनही सूचना थांबत असे.

तिसरी सेटिंग पानाच्या दिशेची. पान उभे, आडवे की दोन्ही प्रकारे दिसावे हे ठरवावे लागे. दोन्ही दिशा निवडल्यास प्रत्येक लेखाची मांडणी दोनदा करावी लागे आणि अंकाचा आकारही वाढे. मार्च २०१२ मध्ये १०२४ × ७६८ ऐवजी २०४८ × १५३६ बिंदूंचा पडदा आला. बिंदूंची संख्या चौपट झाल्याने चिन्हे, आरंभचित्रे आणि पानांच्या प्रतिमा पुन्हा तयार करणे भाग पडले. लहान संपादक मंडळांना हा भार सोसणे अवघड होते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची निवड अंक कोठे ठेवावयाचा याची. एकच अंक असल्यास तो अ‍ॅपमध्येच समाविष्ट करता येई. नोव्हेंबर २०११ मध्ये अशा एकेरी अ‍ॅपसाठी ३९५ डॉलरची स्वतंत्र योजना जाहीर झाली. अनेक अंकांच्या मासिकाचे अ‍ॅप मात्र रिकाम्या कपाटासारखे असे. अंक दूरच्या सर्व्हरवर राहत आणि वाचकाने मागितल्यावर उतरत.

विक्रीव्यवस्था व तिचा शेवट :

१५ फेब्रुवारी २०११ रोजी अ‍ॅपलने अ‍ॅपमधील वर्गणीची सोय सुरू केली व त्यातील ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी 'न्यूजस्टँड' हे स्वतंत्र कपाट आले. त्यात स्थान मिळविण्यासाठी अ‍ॅप बांधतानाच तशी सेटिंग करावी लागे. केवळ टॅबलेटसाठी काढलेले 'द डेली' हे दैनिक २ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाले. एक लाखाहून अधिक वर्गणीदार मिळूनही ते १५ डिसेंबर २०१२ रोजी बंद पडले. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूजस्टँड काढून टाकण्यात आले. त्यासाठी भरलेल्या सेटिंग्ज निरर्थक झाल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या नव्या प्रणालीने ३२ बिटची जुनी अ‍ॅप चालविणे थांबविले. ज्या मासिकांनी अ‍ॅप पुन्हा बांधले नव्हते, त्यांचे अंक नव्या प्रणालीवर उघडेनासे झाले.

जतनाचा प्रश्न :

येथे एक विसंगती लक्षात येते. ज्या एकेरी अ‍ॅपमध्ये अंक आतच होता, त्याची जपून ठेवलेली प्रत जुन्या उपकरणावर आजही उघडू शकते. नियमितपणे निघणाऱ्या समृद्ध मासिकाच्या अ‍ॅपमध्ये मात्र, सर्व्हर बंद होताच, केवळ चिन्ह आणि आरंभचित्र उरते. म्हणजे जे मासिक अधिक काळ चालले, त्याचाच पुरावा अधिक दुबळा ठरतो. छापील अंकाच्या बाबतीत याच्या उलट घडते. १८३२ मध्ये सुरू झालेल्या 'दर्पण'चे अंक अभ्यासक आजही वाचू शकतात, कारण वाचण्यासाठी त्यांना कोणाचेही प्रमाणपत्र लागत नाही.

कायद्याची दृष्टीही येथे विचारात घ्यावी लागते. भारतात ग्रंथालयांना प्रती देण्याचा १९५४ चा कायदा छापील ग्रंथ समोर ठेवून करण्यात आला आणि १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. ब्रिटनने २०१३ मध्ये नियम करून अमुद्रित प्रकाशनेही कक्षेत घेतली. तथापि प्रत मिळाली तरी ती उघडणारे उपकरण व प्रणाली टिकविण्याचा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :

१) टॅबलेट मासिकांचा अस्त केवळ वाचकांच्या उदासीनतेने झाला नाही. पडदा, प्रणाली आणि विक्रीव्यवस्था यांतील प्रत्येक बदलाबरोबर अ‍ॅप नव्याने बांधण्याचा खर्च हेही त्याचे एक कारण होते.
२) अंक अ‍ॅपमध्ये ठेवावयाचा की सर्व्हरवर, ही निवड सोयीसाठी केली गेली, परंतु तिने अंकाचे आयुष्य ठरविले.
३) डिजिटल नियतकालिक जतन करताना पानांबरोबरच सेटिंग्जची नोंद आणि पानांची स्वतंत्र प्रत ठेवणे आवश्यक आहे. अंक निघत असतानाच हे काम झाले पाहिजे. तो बंद पडल्यानंतर अभ्यासकाच्या हाती फारसे काही राहत नाही.