वस्ती वसविणाऱ्याचा धर्म : वाशीम-कारंज्याच्या इतिहासावरून काही विचार

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत पूर्वजांचे गुणस्मरण करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तथापि पूर्वजांचे स्मरण केवळ अभिमानासाठी न करता त्यांच्या उदाहरणावरून आपले आजचे वर्तन तपासून पाहण्यासाठीही करावे, असे आम्हांस वाटते. गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील कितीएक कर्ते तरुण शेतजमीन घेऊन, तिचे भूखंड पाडून, त्यांवर वसाहती वसविण्याच्या व्यवसायात उतरले आहेत. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांच्या वेशीबाहेर, काल-परवापर्यंत जेथे तूर व सोयाबीन डोलत होते, तेथे आज सीमेचे दगड रोवलेले दिसतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यापासून या व्यवसायास विशेषच वेग आला आहे. हा उद्योग वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. वस्ती वसविणे हे आपल्या देशात पुण्यकर्म मानले गेले आहे. प्रश्न एवढाच की, वस्ती वसविणाऱ्याचे कर्तव्य खरेदीखतावर सही झाली म्हणजे संपते काय?

आपला जिल्हा वस्तीच्या दृष्टीने अर्वाचीन नव्हे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा त्या शाखेचा मूळ पुरुष, आणि त्याच शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. राज्ये लयास गेली, राजवाड्यांचा मागमूस उरला नाही. परंतु पद्मतीर्थाचे पाणी आजही लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे. राजाचे नाव विसरले जाते, तीर्थाचे विसरले जात नाही, हा वाशीमच्या इतिहासातील पहिला धडा होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी वाशीम येथे बालाजीचे मंदिर बांधले. त्याच्याजवळच देवतलाव हा दगडी पायऱ्यांचा चौकोनी तलाव आहे. देवालय बांधणाऱ्याच्या दृष्टीपुढे केवळ देव नसतो. यात्रेकरू, दुकानदार, माळी, कासार आणि त्यांच्या गुराढोरांना लागणारे पाणी हेही असते. वाशीमचे विणकाम त्या काळी नावाजलेले होते. 1769 मध्ये माधवराव पेशवे व जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला, त्यात वाशीम व बाळापूर येथील कापडाचा उल्लेख येतो, यावरून त्या मालाची प्रतिष्ठा ध्यानी यावी. असे कसबी कारागीर गावात टिकून राहावयाचे तर त्यांना पाणी, बाजार व संरक्षण ही तिन्ही मिळावी लागतात.

कारंज्याची कथा याहूनही बोधप्रद आहे. कारंज ऋषीस व्याधी जडली असता देवीच्या कृपेने तेथे तलाव निर्माण झाला व त्यात स्नान करून ऋषी व्याधिमुक्त झाले, अशी आख्यायिका आहे. म्हणजे गावाच्या जन्मकथेतच पाणी आहे. पुढे हे गाव वऱ्हाडातील मोठी व्यापारपेठ झाले. त्याच्या संपत्तीची कीर्ती एवढी होती की, सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर 1670 मध्येच मराठी फौजांनी कारंजा लुटले. एवढा आघात सोसूनही गाव उजाड झाले नाही. व्यापार पुन्हा सुरू झाला. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस व दारव्हा वेस ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. येथील जैन मंदिरांतील भांडारांत व्यापारी कुटुंबांच्या आश्रयाने हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जतन झाली. त्यांतूनच पुढे प्राध्यापक हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. 1918 मध्ये तेथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. गाव पुन्हा उभे राहते ते केवळ तिजोरीच्या बळावर नव्हे. तलाव, वेस, मंदिर, ग्रंथभांडार व शाळा यांच्या बळावर उभे राहते.

जुन्या काळी पेठ कशी वसत असे, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. सरकार पेठ वसविणाऱ्यास कौल देई. नव्याने येणाऱ्या उदम्यास प्रारंभीची काही वर्षे कर माफ असे. पुढे तो इस्ताव्याने, म्हणजे पायरीपायरीने, वाढविला जाई. पेठेचा कारभार शेटे व महाजन पाहत. शेटेपण हे वतन असे आणि पेठेत येणाऱ्या मालावर शेट्याचा ठराविक हक्क चाले. या व्यवस्थेतील मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. पेठ भरभराटली तर शेट्याचे वतन भरभराटे. विहीर आटून उदमी निघून गेला तर शेट्याच्या घरची चूलही थंडावे. पुण्यास नाना फडणविसांनी व रास्त्यांनी नळ व हौद बांधले, त्यात परोपकार होता हे खरेच. परंतु ज्या वस्तीत आपल्याला व आपल्या नातवंडांना राहावयाचे आहे तिची ती काळजीही होती.

आजच्या भूखंडविक्रीत हीच गाठ सुटली आहे. विकणाऱ्याचा नफा शेवटच्या भूखंडाबरोबर पूर्ण होतो आणि रहिवाशाची अडचण नेमकी त्या दिवसापासून सुरू होते. रस्ते व गटारे नसलेले गुंठेवारीचे तुकडे एवढे विकले गेले की, ते नियमित करण्यासाठी 2001 मध्ये महाराष्ट्रास स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे 2016 चा स्थावर संपदा कायदा आला व 2017 पासून महारेराचे काम सुरू झाले. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पांस नोंदणी आवश्यक झाली. हे इष्टच झाले. परंतु कायदा नकाशा तपासू शकतो, माणसाची नियत तपासू शकत नाही.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट लिहावी लागत आहे. काही वर्षांपूर्वी आपल्यांपैकी काही कुटुंबांनी गावाबाहेरील एका नव्या वसाहतीत भूखंड घेतले. नकाशात बगीचा होता. प्रत्यक्षात त्या जागेवर बांधकामाचा राडा पडून राहिला. शेतातील जुनी बांधीव विहीर बुजविण्यात आली आणि कडेचा नाला भूखंड वाढविण्यासाठी आवळण्यात आला. एका श्रावणातील रात्री घराघरांत गुडघाभर पाणी शिरले. कुणाचे धान्य भिजले, कुणाच्या मुलांची पुस्तके. आणि पुढच्याच वैशाखात त्याच घरांपुढे टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागली. वसाहत वसविणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीचे होते. त्यांचे नाव लिहिण्याचा आमचा हेतू नाही. परंतु संस्थेस देणगी दिली म्हणून त्यांस शाल-श्रीफळ अर्पण करण्यात आले त्या समारंभात टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

उलट उदाहरणही ज्ञातिसंस्थांच्याच इतिहासात आहे. मुंबईत 1896 च्या प्लेगने दाट वस्तीची भयानकता उघड केली. त्यानंतर भाडोत्री घरांच्या जाचातून सुटण्यासाठी रावबहादूर तल्माकी यांच्या पुढाकाराने 1915 मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तेथे मालकी संस्थेची व राहणारे सभासद, अशी योजना होती. राहणारा व व्यवस्था पाहणारा यांच्यातील अंतर त्यांनी मिटविले, आणि तुटलेली जुनी गाठ नव्या पद्धतीने बांधली.

परंतु पूर्वजांचे सर्वच अनुकरणीय होते असे समजू नये. ज्या तलावांचा आम्ही गौरव केला, तशा अनेक पाणवठ्यांवर आपल्याच देशबांधवांना पाण्यास हात लावू दिला जात नसे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट विसरून तलावांचा इतिहास सांगणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय. पूर आला की तो ज्ञात विचारीत नाही, दुष्काळही विचारीत नाही. म्हणून वसाहत आपल्या माणसाने वसविली तरी तिची विहीर सर्वांची असली पाहिजे.

आपल्या भागाची भूमीही या गोष्टीची आठवण करून देते. वर काळी माती आणि खाली काळा कातळ. पावसाचे पाणी भराभर वाहून जाते व खाली थोडेच मुरते. 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ आणि 1972 चा दुष्काळ यांच्या कथा आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. म्हणून या व्यवसायातील आपल्या बंधूंस आमची विनंती मोजकीच आहे. शेतातील जुनी विहीर बुजवू नये. ती उपसून, कठडा घालून वसाहतीच्या स्वाधीन करावी. नाल्याची रुंदी जशीच्या तशी राखावी. छपरांचे पाणी मुरविण्यासाठी शोषखड्डे प्रथमच खणावे. नियमाने जो सुमारे दशांश भाग मोकळा सोडावयाचा, तेथे भूखंड विकण्यापूर्वी कडुनिंब, वड व करंज लावून ते जगवावेत. रहिवाशांची सहकारी संस्था त्वरित स्थापून हिशेब तिच्या हाती द्यावा, आणि निदान पाच पावसाळे स्वतः येऊन वसाहतीची विचारपूस करावी.

आणि संस्थेस आमची सूचना अशी की, पुढील वर्षापासून सत्कारासाठी नाव सुचविताना देणगीची पावती पाहण्याआधी त्या गृहस्थाने वसविलेल्या वसाहतीत एकदा ज्येष्ठात व एकदा श्रावणात जाऊन यावे. तेथील विहिरीत पाणी असेल आणि घरात नसेल, तर शाल अवश्य द्यावी. आम्ही स्वतः ती त्यांच्या खांद्यावर घालू.