जेऊरची कांच आणि माळेगांवचे आंकडे

कांहीं गांवें राजांमुळें इतिहासांत येतात, तर कांहीं दोन मिनिटांच्या अंधारामुळें. पुणें-सोलापूर लोहमार्गावर इंदापूर तालुक्यांतील भिगवण मागें टाकून गाडी भीमा ओलांडते व करमाळा तालुक्यांत शिरते. तेथील जेऊर हें दुसऱ्या प्रकारचें गांव होय. २२ जानेवारी १८९८ रोजीं तेथें खग्रास सूर्यग्रहण दिसलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं यंत्रें घेऊन तेथें उतरले होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनींही तेथेंच तळ दिला होता, व त्यांच्याजवळ तर ४० फूट लांबीचा कॅमेरा होता.

एवढा खटाटोप कशासाठीं? छायाचित्रणापूर्वीं ज्योतिषी सूर्याचा प्रभामंडल हातानें रेखाटीत, आणि शेजारीं बसलेल्या दोघांचीं चित्रेंही जुळत नसत. प्रकाशसंवेदी कांच मात्र भारावून जात नाहीं, आणि तिच्यावरील नोंद मागाहून कोणालाही तपासतां येते. उणीव एकच होती : कांचेवर चित्र उमटे, आंकडे उमटत नसत. कोठें किती काळेपणा आला, हें ठिकठिकाणीं निराळें मोजावें लागे.

ही उणीव भरून निघण्याची वाट १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत उघडली. बॉइल व स्मिथ या शास्त्रज्ञांनीं प्रकाशाच्या प्रमाणांत विद्युत्भार सांठविणारी सी. सी. डी. पट्टिका कल्पिली, तीबद्दल त्यांना २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा कॅमेऱ्याकडून ओळीमागून ओळ येणारा विद्युत्दाब संगणकांतील चित्रग्राहक फलक नेमक्या क्षणीं मोजतो व प्रत्येक ठिपक्यास आंकडा देतो. आठ बिटांच्या मोजणींत काळ्यास ०, तर पांढऱ्यास २५५. पुढें ही मोजणी कॅमेऱ्याच्या पोटांतच होऊं लागली, आणि फलकाकडे आंकडे वेळच्या वेळीं उतरवून घेण्याचें काम राहिलें. ग्रहणाच्या तळावर सेकंद मोठ्यानें मोजणारा माणूस जी शिस्त राखी, तीच येथें विजेचा ठोका राखतो.

आतां भीमेच्या अलीकडे येऊं. १८८५ मध्यें नीरेचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हांपासून बारामती-इंदापुरांत पाणी पोंचेल तेथें ऊस व न पोंचेल तेथें माळ, अशी वाटणी पडत गेली. अशा मुलुखांत, बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथें, २००९ मध्यें राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तेथें पिकांचा ताण अभ्यासण्यासाठीं दृश्य व अवरक्त प्रकाशाचे कॅमेरे वापरले जातात. पाणी कमी पडलें कीं पान आपलीं रंध्रें मिटतें, बाष्पोत्सर्ग घटतो व पान तापतें. डोळ्यांस तें अद्याप हिरवेंगार दिसतें, पण त्याचा ताप कॅमेऱ्यास कळलेला असतो.

मात्र आंकडा खरा म्हणून त्याचा अर्थ खरा, असें नव्हे. वाऱ्याची झुळूक किंवा ढगाची सावलीही पानाचें तापमान बदलते. म्हणून चित्र केव्हां व कोणत्या स्थितींत घेतलें, ही नोंद आणि मूळ आंकडे दोन्ही जपलीं पाहिजेत. रंग भरलेलें सुबक चित्र तेवढें ठेवून भागणार नाहीं. ग्रहणाच्या कांचेची किंमत ती मागाहून तपासतां येत होती यांत होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरांत पडणारें बियाणें जर उद्यां अशा आंकड्यांवरून निवडलें जाणार असेल, तर ते तपासून पाहण्याची सोय त्याच्याही वतीनें राखली पाहिजे. ग्रहण चुकलें तर पुढच्याची वाट पाहतां येते. गेलेला हंगाम त्याला परत मिळत नाहीं.