3 दिवस भिजवलेला गहू आणि 2 दिवसांचं ऊन: कुरडई नेमकी फुलते कशामुळे?

होळी झाली, पाडवा आला की घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा कुरडया करायच्या की विकत आणायच्या?

विकत आणणाऱ्यांची संख्या वाढतेय, आणि त्यात चूक काहीच नाही. पण दरवर्षी हौशीने पहिल्यांदा घाट घालणारेही कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांचं गणित कुठेतरी फसतं. चिकाच्या गुठळ्या होतात, कुरडई काळपट पडते, तळली तर फुलत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे जूनमध्ये डबा उघडल्यावर वरच बुरशी दिसते.

आजीला विचारलं तर ती म्हणणार, "अंदाजानं घ्यायचं." हा अंदाज म्हणजे नेमकं काय, ते बघूया.

चैत्रातच का?

पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. याच्या थोडं आधी रब्बीचा नवा गहू घरात आलेला असतो. ऊन कडक असतं. पण वाळवणासाठी उन्हापेक्षाही महत्त्वाची असते कोरडी हवा. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल, तर कितीही उकाडा असला तरी पदार्थातलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो.

म्हणून कुरडईचं राज्य देश, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भात. कोकणात गव्हाचं पीकही नाही आणि समुद्राची हवाही दमट. तिथला उन्हाळा आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलांत जातो.

तीन दिवस भिजवण्यात होतं काय?

गव्हाच्या दाण्यात सर्वात जास्त असतो स्टार्च. त्याचे बारीक कण प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेले असतात. कुरडईला हवा असतो फक्त हा स्टार्च. कोंडा नको आणि प्रथिनंही शक्य तितकी कमी.

दाणा भिजला की फुगतो, मऊ होतो. पाण्यातले जिवाणू कामाला लागतात आणि आंबण्याची क्रिया सुरू होते. तयार होणारं आम्ल आणि विकरं मिळून ते जाळं सैल करतात. तिसऱ्या दिवशी दाणा बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. गहू वाटायला तयार आहे, याची हीच खूण.

पाणी मात्र रोज बदलायचंच. हलका आंबट वास येणं ठीक आहे. पाणी तसंच ठेवलं तर नको ते जिवाणू वाढतात, वास कुजका येतो आणि तो वास पुढे शिजवून, वाळवूनही जात नाही. कुजका वास आला तर तो गहू वापरायचा मोह टाळलेला बरा.

गंमत म्हणजे ही युक्ती फक्त आपली नाही. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातल्या कॅटो नावाच्या रोमन लेखकाने शेतीवरच्या पुस्तकात स्टार्च काढायची कृती दिलीय. गहू भिजवायचा, दिवसातून दोनदा पाणी घालायचं, दहाव्या दिवशी पिळून कापडातून गाळायचं आणि उन्हात वाळवायचं. पुढे तो हा स्टार्च दुधात शिजवायला सांगतो. दूध-साखर घालून गरम चीक ओरपणाऱ्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल.

वरचं पाणी ओतून देण्यामागचं कारण

भिजलेला गहू पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायचा. फार बारीक करू नये, नाहीतर कोंड्याचे कणही गाळणीतून खाली उतरतात. मग चोथा दोन-तीन पाण्यांत पिळून घ्यायचा आणि सगळं सुती कापडातून गाळून रात्रभर न हलवता ठेवायचं.

स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत आणि ते पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतात. त्यामुळे ते तळाशी बसतात. वर राहतं ते पिवळट-तपकिरी पाणी, ज्यात साखर, आम्लं आणि काही प्रथिनं विरघळलेली असतात. हे पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं. ते नीट काढलं नाही तर कुरडईचा रंग मळकट होतो आणि आंबटपणाही वाढतो. काळपट कुरडईचा दोष अनेकदा गव्हाला दिला जातो, पण चूक बऱ्याचदा या टप्प्यावर झालेली असते.

चीक शिजवणं दोन माणसांचं काम

जितका घट्ट चीक, साधारण तितकंच पाणी, हे नेहमीचं प्रमाण. पाण्यात मीठ आणि आवडत असेल तर हिंग. पाण्याला खळखळून उकळी आली की चीक धारेने सोडायचा. पण त्याआधी तळाशी बसलेला चीक हाताने ढवळून सारखा करून घ्यायचा.

गव्हाचा स्टार्च साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतो. चिकाचा गोळा उकळत्या पाण्यात पडला की त्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं, पाणी आत जाऊ शकत नाही आणि गोळा आतून कच्चाच राहतो. गुठळी म्हणतात ती हीच. म्हणून एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने सतत घोटायचं. एकट्याने करायचं असेल तर घाणा छोटा ठेवा, 1 किलो गव्हाच्या वर जाऊ नका.

घोटून झाल्यावर मंद आचेवर झाकण ठेवून वाफ काढायची. दुधाळ पांढरा चीक हळूहळू चकाकायला लागतो. ओला हात लावला आणि चिकटला नाही, की झालं. आजीच्या 'अंदाजा'तला सर्वात मोठा भाग हाच आहे आणि तो घड्याळावर मोजता येत नाही. चीक कच्चा राहिला तर वाळताना कुरडईचा भुगा होतो.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. थंड होताना स्टार्चमधल्या लांब साखळ्या एकमेकींना धरू लागतात आणि चीक घट्ट होतो. त्यामुळेच तर कुरडईचा वेटोळा आकार टिकतो. पण सोऱ्यात घालण्याआधीच तो घट्ट झाला, तर दाबणाऱ्याचे दंड भरून आलेच म्हणून समजा.

गच्ची नाही, मग वाळवायचं कुठे?

खरी अडचण इथे आहे. वाळवणाला लागते मोकळी, उन्हाची, राखण करता येईल अशी जागा. वाड्यात, चाळीत ती होती. आता बऱ्याच इमारतींत गच्चीला कुलूप असतं आणि बाल्कनीत कबुतरं.

1959 साली मुंबईत गिरगावातल्या 7 महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे 'लिज्जत' झालं. सुरुवात झाली 15 मार्चला, इमारतीच्या गच्चीवर. पण पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून पहिल्याच वर्षी काम 4 महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखाली. वाळवणाला ऊनच लागतं असं नाही, कोरडी ऊब आणि खेळती हवाही चालते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

फ्लॅटमध्ये हेच तत्त्व वापरता येतं. प्लास्टिकच्या कागदावर कुरडई फक्त वरून वाळते, खालची बाजू दमट राहते. त्यामुळे संध्याकाळी ती उलटवायलाच हवी. जाळीवर पातळ सुती कापड टाकून त्यावर घातल्या तर खालूनही हवा लागते. वर दुसरी जाळी टाकली की कबुतरांचा प्रश्न मिटतो. ऊन थोडाच वेळ येत असेल तर रात्री पंख्याखाली ठेवा. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर चीक शिजवायलाच घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रात आता हा अंदाज बघणं गरजेचंच झालंय.

दोन कडक उन्हं झाली की कुरडई मोडून बघायची. कट्कन आवाज आला पाहिजे. ती वाकली तर आत पाणी आहे आणि तीच पुढे बुरशीचं घर होते.

बुरशी दिसलेल्या कुरडया 'तळल्या की काय होतंय' म्हणून वापरल्या जातात. ते करू नये. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि तळण्याच्या उष्णतेने पूर्ण नष्ट होत नाही. आणखी एक गोष्ट: ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी 'हा तर फक्त स्टार्च' म्हणून कुरडई खाऊ नये. घरगुती पद्धतीत सगळं ग्लुटेन निघून जात नाही.

आणि मग ती फुलते

वाळलेली कुरडई काचेसारखी कडक असते, पण तिच्या आत किंचित पाणी शिल्लक असतं. कडकडीत तेलात पडताच स्टार्च क्षणभर मऊ होतो आणि आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1600 पट जागा मागते. मऊ झालेला स्टार्च त्या दाबाने फुगतो आणि लगेच कोरडा होऊन तसाच राहतो. तेल कोमट असेल तर हे पाणी हळूहळू निसटून जातं, फुगवायला काही उरतच नाही.

विकतची महाग वाटते?

भिजवण्यापासून डब्यात भरेपर्यंत पाच-सहा दिवस. बहुतेक घरांत हे काम बायकांनीच केलं, तेही रोजचा स्वयंपाक सांभाळून, आणि त्याची मजुरी कुणी मोजली नाही. आज याची कुरडई, उद्या त्याची, अशी शेजारणींची पाळी असायची म्हणून ते निभावलं. आता बचत गटाच्या महिला तेच काम करून पैसे मागतात, तेव्हा भाव करणाऱ्यांनी एकदा चीक घोटून बघायला हरकत नाही.

वाटण्या-गाळण्याचा व्याप टाळायचा असेल तर रव्याच्या कुरडयांपासून सुरुवात करता येते. रवाही असाच पाणी बदलत भिजवायचा, पण पुढे चोथा निघत नाही. गव्हाच्या केल्या असतील तर चोथा फेकू नका. त्यात तिखट, मीठ, जिरं, तीळ घालून वड्या घालतात, भुसवड्या म्हणतात त्यांना. कुरडया उन्हात असतानाच शेजारच्या ताटात त्याही वाळतात.